होळीला भरणारा गहू

उन्हाळ्याबद्दल नागपूरच्या माणसाला काही विचारू नये. तो एकतर फुशारकी मारतो, नाहीतर गप्प बसतो. मी आता गप्प बसणाऱ्यांतली झाले आहे. शहराच्या कडेला, बेसाच्या या फ्लॅटमध्ये फाल्गुनातच कूलर काढावा लागतो. त्यात पाणी भरून झालं की मी खुर्चीत बसून राहते, दुसरं काही करण्याची ताकद उरत नाही. खिडकीतून दिसतात त्या नुसत्या इमारती. माझ्या तरुणपणी इथे काळी जमीन होती आणि हिवाळ्यात तिच्यात बिनपाण्याचा बन्सी गहू उभा असायचा. कमी यायचा, पण यायचा. माझी नात विचारते, "आजी, तू गव्हावर एम.एस्सी. केलीस, मग पुढे काही का केलं नाहीस?" मी म्हणते, गव्हाचं मला एवढंच कळलं की तोही उन्हाला कंटाळतो. ती हसते आणि मोबाइलकडे वळते. माझ्या वडिलांची, बाबूजींची, आणि त्या एका होळीची गोष्ट मी तिला कधी सांगितलेली नाही, म्हणून लिहायला बसले आहे. सलग बसवत नाही. बसवेल तेवढं लिहीन.

आमचं घर तांडापेठेत, कोष्ट्यांच्या वस्तीत. पुढच्या खोलीत काकांचा माग आणि मागच्या दोन खोल्यांत आम्ही सगळे. माग चालू असला की घरात कुणी हळू बोलायचं नाही, कारण हळू बोललेलं ऐकूच यायचं नाही. धोटा इकडून तिकडे गेला की फणी ठोकायची, धोटा परत आला की पुन्हा ठोकायची. दिवसभर तो ठोका डोक्यात बसलेला असायचा. माग थांबला की उलट दचकायला व्हायचं, काय झालं म्हणून. लुगड्याच्या किनारीतून उरलेलं लाल सूत काका गुंडाळून डब्यात टाकायचे. आमच्या घरात सूत तोडणं हे वाईट मानलं जायचं. गाठ पडली तर नखानं, दातानं, कशानंही सोडवायची, पण तोडायचं नाही. लहानपणी मी एकदा वैतागून धागा तोडला होता, तेव्हा काकांनी मारलं नाही, पण दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत. मारलं असतं तर बरं झालं असतं असं वाटलं.

बाबूजी मागावर बसले नाहीत. मॅट्रिक झाले आणि शेतकी कॉलेजच्या गहू विभागात फिल्डवर लागले. तिथल्या कुणा साहेबानं म्हणे त्यांची बोटं पाहिली आणि ठेवून घेतलं. गव्हाचं फूल फार लाजाळू असतं. उमलायच्या आधीच आतल्या आत स्वतःशीच लग्न लावून मोकळं होतं. दोन वेगळ्या गव्हांचा संकर करायचा तर ते फूल कोवळं असतानाच चिमट्यानं उघडायचं, आतले पुंकेसर एकेक काढून टाकायचे, ओंबीवर कागदी पिशवी चढवून दोऱ्यानं बांधायची आणि नंतर दुसऱ्या गव्हाचे पराग आणून आत झटकायचे. मागावर तुटलेला धागा सांधणाऱ्या घरातल्या माणसाला हे काम जड गेलं नाही. साहेब बदलत गेले, बाबूजी तिथेच राहिले. डिग्री नव्हती, त्यामुळे पद वाढलं नाही, नुसती कामं वाढली. मजूरही त्यांना बाबूजीच म्हणायचे.

माय लांब रोटी करायची. ज्यांनी पाहिली नाही त्यांना सांगून समजायचं नाही, तरी सांगते. कणीक इतकी सैल भिजवायची की ती हातावर घेतली की कोपरापर्यंत ओघळते. ती दोन्ही हातांवर झेलत झेलत रुमालाएवढी करायची आणि चुलीवर पालथ्या घातलेल्या मडक्यावर अलगद टाकायची. सोबत काळ्या मसाल्याचा सावजी रस्सा. खाताना नाकाडोळ्यांतून पाणी यायचं आणि तरी हात थांबायचा नाही. वैशाखात त्या चुलीपाशी माय बसली की तिच्या तोंडाकडे बघवत नसे. बाबूजी दाराशी जेवायला बसून गव्हाच्या गोष्टी सांगायचे, अमका उन्हात टिकला, तमका करपला. माय रोटी उलटवता उलटवता म्हणायची, "तुमच्या गव्हाले ऊन लागते तर सारं कॉलेज धावते. मी इथी भाजून राहिली, माह्यावर कोनी प्रयोग नाही करत." बाबूजी हसायचे. ती हसायची नाही.

तेव्हा बुटके मेक्सिकन गहू नुकतेच आले होते आणि सगळीकडे त्यांचाच बोलबाला होता. पण त्यांना पाणी फार लागायचं. आमच्याकडे महाशिवरात्र झाली की विहिरी तळ गाठतात आणि गरम वारा सुटतो. नेमका तेव्हाच गव्हाचा दाणा भरत असतो. तो अर्ध्यावर सुकतो, चपटा होतो, सुरकुततो. बाबूजींनी उमरेडकडच्या एका खेड्यातला जुना उंच देशी गहू आणला आणि त्याचा बुटक्याशी संकर केला. मग त्याची पिढी, त्या पिढीची पिढी, असं दर वर्षी चांगली चांगली झाडं निवडत गेले. मुद्दाम उशिरा पेरायचे, मार्गशीर्ष संपता संपता, म्हणजे पीक नेमकं उन्हात सापडेल. त्या उन्हात जी झाडं टपोरा दाणा देतील ती ठेवायची, बाकीची सोडून द्यायची. असं करता करता एक वाण हाताला लागला. पिकायला लागला की त्याच्या ओंबीवर शेंदरासारखी झाक यायची, म्हणून घरात आम्ही त्याला शेंदऱ्या म्हणायचो. कागदावर त्याला नुसता नंबर होता. शेंदऱ्या रीतसर वाण म्हणून बाहेर पडावा, शेतकऱ्यांच्या हाती जावा, एवढीच बाबूजींची आयुष्याची मागणी होती आणि रिटायर व्हायला फार दिवस उरले नव्हते. घरात माझ्या लग्नाचा विषय निघायचा त्याहून जास्त वेळा शेंदऱ्याचा निघायचा.

आता होळीचं सांगायला पाहिजे. होळीत गव्हाच्या ओंब्या भाजायच्या आणि ते दाणे प्रसाद म्हणून खायचे, ही पद्धत आमच्याकडे घरोघर होती. शहरात ओंब्या आणायच्या कुठून? आमच्या गल्लीला त्याची काळजी नव्हती, कारण बाबूजी होते. उशिरा पेरलेल्या वाफ्यातून कामावरच्या बायकांनी एकेक पेंढी कापून न्यावी आणि बाबूजींनी गल्लीसाठी एक भारा आणावा, अशी तिथली जुनी सवलत होती. पण निवडीची झाडं त्या कापणीत जाऊ नयेत म्हणून बाबूजी होळीच्या आदल्या दिवशी काकांच्या डब्यातलं लाल सूत खिशात घालून निघायचे, वाफ्यात फिरायचे आणि जी झाडं भरलेली दिसतील त्यांना धागा बांधायचे. धागा असलेल्याला हात लावायचा नाही, बाकीच्यातून खुशाल कापा. लहान होते तेव्हापासून मी त्यांच्याबरोबर जायची. सुताची गुंडी माझ्या हातात, ते चालणार पुढे. मला तो दिवस होळीपेक्षा आवडायचा. नंतर रानातून घरी येताना सायकलच्या मागे हिरव्या ओंब्यांचा भारा आणि दांड्यावर मी, आणि गल्लीतले लोक हाका मारणार, "बाबूजी, आणल्या का ओंब्या?" माझ्या बापासारखा मोठा माणूस नागपुरात नाही असं मला वाटायचं.

मी त्याच कॉलेजात एम.एस्सी.ला गेले तेव्हा गहू विभागात काळे साहेब नवीन आले होते. पश्चिम महाराष्ट्रातले, कमी बोलणारे, उन्हाला फार भिणारे. डोक्यावर ओला रुमाल टाकून शेतात यायचे. प्रबंधाला विषय मागायला गेले तेव्हा त्यांनी शेंदऱ्याचाच दिला. म्हणाले, "तुमच्या वडिलांचा गहू चांगलाच आहे. पण मला एक सांगा, तो ऊन सहन करतो, की ऊन यायच्या आत आटोपून घेतो?"

मी म्हटलं, "उशिराच्या पेरणीतही दाणा भरतो, सर."

"भरतो. पण त्याला फुलोरा इतरांच्या किती आधी येतो, हे पाहिलंय कुणी?"

कुणी पाहिलं नव्हतं. म्हणजे पाहिलं होतं, सगळ्यांना माहीतही होतं, पण त्याचा अर्थ कुणी लावला नव्हता.

संध्याकाळी घरी सांगितलं तेव्हा बाबूजी उलट खूशच झाले. "करू दे परीक्षा. पोरीच्या हातानं सिद्ध होईन, याच्यापरीस काय पाहिजे?" वाफे त्यांनी स्वतः आखून दिले. परीक्षा साधी होती. जो गहू उशिरा फुलतो तो आधी पेरायचा, जो लवकर फुलतो तो मागून पेरायचा, म्हणजे सगळे एकाच आठवड्यात फुलतील आणि सगळ्यांवर सारखंच ऊन पडेल. कुणाला पळायला जागा नाही. शिवाय शेंदऱ्याचा एका साध्या गव्हाशी केलेला संकर होता, त्याची नातवंडं मी वेगळी पेरली. ऊन सोसण्याचा गुण त्याच्या रक्तात खराच असेल, तर उशिरा फुलणाऱ्या नातवंडांतही तो कुठेतरी उतरायला हवा, जसं आजीचं नाक कुणातरी नातीला येतंच. बाबूजी रोज दुपारी माझ्या वाफ्यांवरून फेरी मारायचे आणि शेंदऱ्यापाशी थांबायचे. त्याला फुलोरा आला तेव्हा त्यांनी घरी सोनपापडी आणली. फुलोऱ्याला कुणी सोनपापडी आणतं का!

मग चैत्राचं ऊन लागलं. त्या वर्षी त्यानं काही शिल्लक ठेवलं नाही. मी डोक्याला पदर घट्ट बांधून पानं बघत फिरायची, संध्याकाळी घरी येऊन नुसती पडून राहायची. माय कैरीचं पन्हं द्यायची. मळणी झाली, दाणे तोलले. शेंदऱ्याचा दाणा इतरांइतकाच सुरकुतलेला निघाला. थोडा अधिकच. नातवंडांतही तेच. जी लवकर फुलली ती टपोरी, जी उशिरा फुलली ती चपटी, मधे अपवाद म्हणून एक झाड नाही. मी पुन्हा तोललं. काळे साहेबांनी स्वतः तोललं. मग त्यांनी आपल्या डब्यातला लाडू माझ्यापुढे ठेवला आणि बाहेर निघून गेले.

बाबूजींना मी जेवताना सांगितलं. दुसरी वेळ कोणती सापडणार होती? काकांचा माग तेव्हा थांबलेला होता, त्यामुळे माझा आवाज मलाच फार मोठा वाटला.

"बाबूजी, तो सोसत नाही. तो ऊन यायच्या आत भरून घेते."

ते रस्सा ओरपत होते. वाटी खाली ठेवली. "तुह्या तोलण्यात चूक हाये."

"साहेबांनी बी तोललं."

"साहेबाले काय मालूम? चार दिवस झाले त्याले येऊन. ओला रुमाल घालून हिंडते!" ते इतक्या जोरात बोलले की काका आतून उठून आले. "मी एवढे वर्ष त्या उन्हात उभा राहिलो ना? मले दिसून नाही राहिलं का?"

"बाबूजी, तुमचा गहू वाईट नाही..."

"मंग काय हाये तो? पळपुटा?"

मायनं चुलीतलं लाकूड मागे ओढलं आणि कपाळ पुसत म्हणाली, "निसटला त निसटला जी. निसटनं का वाईट असते? मले निसटता आलं असतं त मी का इथी राह्यली असती?" हे ती बाबूजींना म्हणाली की चुलीला, की मला, ते मला तेव्हा कळलं नाही. बाबूजी अर्ध्या जेवणावरून उठले. त्या ताटातली रोटी तशीच राहिली, आणि मायच्या हातची रोटी ताटात राहिलेली मी त्याआधी पाहिली नव्हती.

उन्हाळा गेला, पावसाळा गेला. शेंदऱ्याचा प्रस्ताव पुढे गेला नाही. उन्हात टिकणारा म्हणून त्याला पाठवता येणार नाही, असं काळे साहेबांनी बाबूजींना समोर बसवून सांगितलं. म्हणाले, लवकर येणारा म्हणून पाठवू, पण तसे वाण आधीच दुसरीकडे तयार आहेत. बाबूजींनी मान हलवली, बाहेर आले आणि नळावर जाऊन तोंड धुतलं. माझ्याशी बोलणं कामापुरतं राहिलं. आधी आम्ही दोघं सायकलींवर बरोबर निघायचो. आता ते माझ्या आधी निघून जायचे. मला त्यांचा राग यायचा आणि रागापेक्षा थकवा जास्त. बापाचं आयुष्य तोलायला मी काही अर्ज केला नव्हता. रात्री अंथरुणावर पडले की वाटायचं, कुणाच्याही घरची लग्न लावून दिलेली मुलगी व्हायला हवं होतं, नुसत्या पोळ्या लाटायला. मग मायचं तोंड डोळ्यांपुढे यायचं आणि तेही नको वाटायचं.

पुन्हा मार्गशीर्ष आला, पुन्हा उशिराची पेरणी झाली. बाबूजींनी ती केली, कारण ते काम होतं. इतर संकरांच्या पिढ्यांच्या रांगा नेहमीसारख्या लागल्या आणि कडेला शेंदऱ्याचा वाफा. आता त्याची कुणाला गरज नव्हती, तरी बाबूजींनी त्या वाफ्याभोवती चार काठ्या रोवून लाल धागा फिरवला, दर वर्षी फिरवायचे तसाच.

होळीचा आदला दिवस आला. मी माझ्या कामासाठी शेतावर होते. बायका विळे घेऊन बांधावर बसल्या होत्या, त्यांच्यात गिरजाबाई सगळ्यात जुनी. बाबूजी आले, खिशातून गुंडी काढली आणि वाफ्यात शिरले. मला हाक मारली नाही. मी आपणहून मागे जाऊन उभी राहिले, सवय दुसरं काय. पहिल्याच रांगेत एक झाड चांगलं भरलेलं होतं. बाबूजी वाकले, धागा देठाभोवती घेतला, आणि तसेच थांबले. मला वाटलं, कंबर धरली. त्यांना तेव्हा कंबरेचा त्रास होता. पण ते मागच्या झाडाकडे बघत होते. ते झाड हिरवंगार होतं, ओंबीत अजून नुसतं दूध. त्याच्या मागे तसंच आणखी एक. बाबूजींनी वर ऊन पाहिलं, बांधावरच्या बायकांकडे पाहिलं, हातातल्या धाग्याकडे पाहिलं. मग ते सरळ त्या मातीत बसले.

"कुसुमे," ते म्हणाले. कित्येक महिन्यांनी त्यांनी मला नावानं हाक मारली होती. "आपन धागा कधी बांधतो?"

"होळीच्या आदल्या दिवशी."

"अन् मंग बाकीचं काय होते?"

"बाया कापून नेतात."

"हव." ते बराच वेळ त्या हिरव्या ओंबीवरून अंगठा फिरवत राहिले. "म्हंजे आज जे भरलं तेच मी ठेवलं. ज्याले अजून चैताचं ऊन सोसाचं होतं, त्याले मी ऊन लागाच्या आंधीच गल्लीत वाटून टाकलं. दरसाल. मी त होळीचा गहू निवडून राहिलो बाई, एवढे वर्ष."

मला रडू आलं. त्यांना नाही आलं. त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं त्याला दुःख म्हणता येणार नाही. दिवसभर चालून आल्यावर चप्पल काढताना माणसाचा चेहरा होतो तसा झाला होता. आज इतक्या वर्षांनी मला वाटतं की त्यांना थोडं हायसंही वाटलं असावं. महिनोन् महिने त्यांना वाटत होतं की आपले डोळे खोटे होते. डोळे खोटे नव्हते. दिवस चुकीचा होता.

गिरजाबाई बांधावरून ओरडली, "बाबूजी, ऊन चढून राहिलं! कापाले लागाचं का?"

बाबूजी उठले, पँटची माती झटकली. "लागा. पन यंदा या हिरव्याले हात नाही लावाचा. एका बी झाडाले नाही. तिकडचा कापा." आणि त्यांनी शेंदऱ्याच्या वाफ्याकडे बोट दाखवलं.

"धाग्यातला?" गिरजाबाई म्हणाली. "ना बाप्पा! त्याले आमी कधी पाय नाही लागू देल्ला. तुमाले बरं नाही का जी?"

"मी बरा हावो. काप म्हन्लं ना."

कुणी हलेना. मग बाबूजी स्वतः तिकडे गेले. मला वाटलं, काठीपाशी बसून गाठ सोडवतील. त्यांनी दोन बोटांत धागा धरला आणि तटकन तोडला. आयुष्यात पहिल्यांदाच मी माझ्या घरच्या माणसाला सूत तोडताना पाहत होते. गिरजाबाईच्या हातून विळा घेतला, मूठभर ओंब्या धरल्या आणि कापल्या. त्यानंतर बायका पुढे आल्या.

मला होळीवरच थांबायचं आहे, म्हणून चैत्राचं आधीच सांगून टाकते. त्या चैत्रात बाबूजी आणि मी भर उन्हात त्या हिरव्या रांगांतून फिरलो. बहुतेक झाडं वाळून गेली होती. काही थोडी मात्र भरली, त्या उन्हात भरली, आणि त्यांना आम्ही धागे बांधले. बाबूजींना डोळ्यांपुढे अंधारी यायची, तरी यायचे. मी म्हटलं, "याचा वाण व्हायले किती वर्षं लागतीन, अन् तुमचे राह्यले किती?" ते म्हणाले, "मले मालूम हाये. गुंडी दे इकडे." पुढे ते रिटायर झाले, काळे साहेब बदलून गेले, मीही लग्न होऊन दुसरीकडे गेले, नागपुरात परतले ती म्हातारपणीच. मायनंच स्थळ पाहिलं होतं, लांबचं, आणि जाताना मला कानात म्हणाली होती, "मांगं वळून नोको पाहू." त्या धाग्यांच्या झाडांचं पुढे काय झालं ते मला माहीत नाही. विचारायला गेले नाही. उत्तर ऐकायची ताकद नव्हती असं म्हणा. शेंदऱ्याचं थोडं बी मात्र बाबूजींनी उमरेडकडच्या ओळखीच्या लोकांना दिलं होतं. विहीर आटायच्या आत हातात येतो म्हणून त्यांच्याकडे तो बरीच वर्षं होता, असं ऐकलं.

तर त्या दिवशी सायकलवर नेहमीपेक्षा मोठा भारा होता. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गल्लीच्या तोंडाशी होळी पेटली. नैवेद्याच्या पुरणपोळ्या, नारळ, पोरांची बोंबाबोंब, सगळं नेहमीचं. लोक काठ्यांना ओंब्यांच्या जुड्या बांधून आगीत धरू लागले आणि लगेच ओरड सुरू झाली. "बाबूजी, यंदाच्या ओंब्या काय भरल्या! दाना पाहा, दाना!" "दरसाल त दूधच निघे जी!" शेजारच्या काकू पदरात दाणे घेऊन प्रत्येकाला दाखवत होत्या. जन्मभर आम्ही या लोकांना निवडीतून उरलेल्या ओंब्या वाटत आलो होतो आणि ते त्याच गोड मानून घेत आले होते, हे मला तिथे उभं राहून पहिल्यांदा कळलं. बाबूजी मागे, आमच्या पायरीवर बसले होते. पुढे आले नाहीत.

मायनं एक जुडी भाजली, तळहातावर चोळली, फुंकर मारून कोंडा उडवला आणि ते गरम दाणे घेऊन पायरीपाशी गेली. मी तिच्या मागे होते. तिनं हात पुढे केला. बाबूजींनी तिच्याकडे नुसतं पाहिलं. तेव्हा माझ्या लक्षात आलं की शेंदऱ्याचा दाणा त्यांनी आजवर कधी तोंडातच घातला नव्हता. तो बियाणं होता. त्यातला एकही दाणा खायचा नसायचा, सांडला तर आम्ही गुडघ्यांवर बसून वेचायचो.

"घ्या ना जी," माय म्हणाली. "हात भाजून राहिला माहा."

त्यांनी चिमूटभर घेतले. तोंडात टाकले आणि फार हळू चावले, डोळे आगीकडे. आम्ही दोघी उभ्याच होतो. गल्लीत इतका गोंगाट होता, पण मला त्यांच्या दातांखालचा आवाज ऐकू येतोय असं वाटत होतं.

"गोड हाये वं," ते म्हणाले. मग मायचा हात त्यांनी आपल्याकडे ओढला आणि त्यावरचे उरलेले सगळे दाणे खाऊन टाकले.